पैंजणांची फाईल

आमच्या घरात पैंजणं घडायची, पण घालायचं कुणी नाही. हुपरीत अशी घरं पुष्कळ. चांदी व्यापाऱ्याची, हात आपले. माल तयार झाला की पुडी बांधून निघून जायचा. आव्वाच्या, म्हणजे आईच्या, पायात मी जोडवी तेवढी पाहिली. आम्ही दोघी बहिणी दिवसभर घुंगरांच्या आवाजात वाढलो आणि मोकळ्या पायांनी शाळेला गेलो. त्यात काही कमी आहे असं कधी कुणाला वाटलं नाही.

आप्पा, म्हणजे आमचे वडील, पुढच्या खोलीत खिडकीखाली बसायचे. तोंडात फुंकणी, हातात चिमटा, समोर इवलीशी ज्योत. डाग देताना, म्हणजे दोन तुकडे तापवून जोडताना, ते श्वास कधी घेतात हे मला लहानपणी कळायचंच नाही. त्यांची शाळा चौथीत सुटली होती. आव्वाची तर सुरूच झाली नव्हती. घरात बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. रागावणं मात्र सगळं कन्नडमध्ये.

अशा घरातून मी कॉलेजात गेले आणि पदवी घेऊन बाहेर पडले. घराण्यातली पहिली. हे मी अजूनही मिरवते, आणि का मिरवू नये? नव्वदच्या दशकात हुपरीहून रोज एस.टी.नं कोल्हापूरला जाऊन कॉम्प्युटर शिकणारी मुलगी म्हणजे गल्लीला विषय होता. कुणी आव्वाला विचारायचं, पोरगी टायपिंग शिकती व्हय? आव्वा म्हणायची, व्हय, तसलंच. तिला भांडायला वेळ नसायचा.

कॉलेजातली कॉम्प्युटरची खोली गार असायची आणि तिथं चपला बाहेर काढून जावं लागायचं. मी आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांना ते फार आवडलं. जिथं चपला काढतात तिथं चांगलंच काहीतरी चालत असणार, असं त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा होता. बाकीच्या मुलामुलींनी ग्रंथालयाचा प्रोग्रॅम घेतला, कुणी पगारपत्रकाचा. आमच्या घरात ना ग्रंथालय होतं ना पगार. मी आप्पांपाशी बसले होते, तेव्हा त्यांनी विचारलं की प्रोग्रॅम म्हणजे नेमकं करतो काय. मी म्हटलं, आपण सांगितलेलं ध्यानात ठेवतो आणि विचारलं की जसंच्या तसं परत सांगतो.

"मग मी पैंजणं सांगतो की," आप्पा म्हणाले. "घाल तुज्या मशिनीत."

त्या हिवाळ्यात त्यांनी मला त्यांच्या सगळ्या नक्षा सांगितल्या. नजर ज्योतीवरच, आणि बोलणं माझ्याशी. दोन कड्या, मणी, कोयरी, मणी, परत दोन कड्या. तीन कोयऱ्या झाल्या की खाली घुंगरू. मी कागदावर उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात टाइप करायची. त्या मशीनवर मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून कडी, मणी, कोयरी सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. कोयरीची नक्षी त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितली. ती त्यांची स्वतःची होती, कुणाकडून शिकलेली नव्हती. कोयरी म्हणजे शेंडा वाकलेली आंब्याची छोटी कैरी. पण आप्पांच्या कोयरीचा शेंडा असा काही वळायचा की पैंजण पायात असताना कोयऱ्या एकामागं एक चालल्यासारख्या दिसायच्या.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रोजेक्ट पाहिला आणि विचारलं, याचा उपयोग काय? मी म्हटलं, आमच्या घरचं आहे, सर. त्यांनी मान हलवली आणि पास केलं.

पुढं कॉलेजनं जुनी मशीनं काढून टाकली, तेव्हा त्यातलं एक आप्पांनी चांदीच्या मालाबरोबर टेम्पोतून घरी आणलं. आव्वानं जुन्या लुगड्याच्या काठाचं त्याला झाकण शिवलं. माझा प्रोग्रॅम त्यात घातला. सणाला आप्पा त्या मशीनलाही कुंकू लावायचे आणि मी पडद्यावर लागू नये म्हणून हात धरायची.

मला कोल्हापुरात राजारामपुरीत नोकरी लागली. वह्यांच्या दुकानावर एक खोली, तीन टेबलं, आणि गावोगावच्या दूध संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहिण्याचं काम. त्यातलं माझ्या वाट्याला आलेलं काम फार कुणाला आवडत नसे. एका प्रोग्रॅममधली माहिती दुसऱ्याला समजेल अशी करायची. प्रत्येक प्रोग्रॅम आपली माहिती आपल्या पद्धतीनं घडी घालून ठेवतो. ती घडी त्यालाच उलगडते. दुसऱ्यानं उघडली की नुसता कचरा दिसतो. म्हणून आधी सगळं साध्या मजकुरात काढायचं. गाय कुठं सुरू झाली, कुठं संपली, तिच्या आत दूध किती, फॅट किती, अशा प्रत्येक गोष्टीला सुरुवातीची एक खूण आणि शेवटची एक खूण. मग दुसरा प्रोग्रॅम त्या खुणा वाचत जातो आणि आपल्याकडं परत तीच गाय उभी करतो. आमचे सर म्हणायचे, मजकूर असा काढ की मशीन बंद पडलं तरी माणसाला वाचता आला पाहिजे.

मला ते काम पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं. हुपरीत एक पैंजण एका घरात कधीच होत नाही. तार एका घरी ओढतात, कड्या दुसऱ्या घरी वळतात, घुंगरं तिसऱ्या घरून येतात. सुटं करून पुडीत न्यायचं आणि पुढच्या घरी जसंच्या तसं जोडायचं, हे मी रांगायच्या वयापासून पाहत आले होते.

नोकरीला काही वर्षं झाली आणि आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. पाय ओढत का होईना चालू लागला, पण हात नाही, आणि वाचाही नाही. समजायचं सगळं. डोळ्यांत दिसायचं की समजतंय. पण तोंडातून एकच शब्द यायचा, व्हय. जेवणार का? व्हय. पोट भरलं? व्हय. खिडकी लावू? व्हय; आणि लावली की नजरेनं सांगायचे की उघडीच बरी होती. आव्वा त्या एका शब्दाच्या सुरांवरून घर चालवायला शिकली. डॉक्टर म्हणाले, एखादा शब्द राहतो, बाकीचे येतील किंवा येणार नाहीत.

धाकटीचं लग्न गडहिंग्लजकडं ठरलं ते यानंतर. झटका यायच्या आधी आप्पांनी तिला एक शब्द दिला होता. तू सासरी जाताना तुझ्या पायात माझ्या हातच्या कोयऱ्या घालणार. आमच्या घरातलं घरातच राहणारं ते पहिलं पैंजण असणार होतं. आता हात नव्हता, आणि कोयरीचं एकही जोड घरात नव्हतं. व्यापाऱ्यांनी ती नक्षी मागायची सोडून बरीच वर्षं झाली होती. माझा भाऊ, आम्हा दोघींच्या मधला, चांदीतच होता, पण तो धंद्यात आला तेव्हा साच्यातून ठोकून काढलेला माल चालू झालेला. आप्पांची कोयरी त्यानं लहानपणी पाहिलेली, केलेली कधीच नाही.

तो धाकटीला म्हणाला, बाजारातनं चांगलं तयार जोड आणतो. ती म्हणाली, नको, तशीच जाईन. चिडून म्हणाली असं नाही. आणि आप्पांनी ते खाटेवरून ऐकलं. ते भिंतीकडं वळून झोपले आणि संध्याकाळपर्यंत वळले नाहीत.

मला त्या मशीनची आठवण आव्वानं करून दिली. कपडे घड्या घालता घालता म्हणाली, "अगं, ह्येंनी तुला सांगितलेलं की ते सगळं. त्ये हाय न्हवं त्यात?"

रविवारी मी झाकण काढलं. मशीन कुरकुरत चालू झालं. माझा प्रोग्रॅम उघडला, कोयरीची नक्षी पडद्यावर आलीसुद्धा, पण पडदा अर्धा काळा पडलेला. डावीकडचं दिसायचं, उजवीकडचं नाही. मी फाईल फ्लॉपीवर घेतली आणि सोमवारी ऑफिसच्या नव्या मशीनवर उघडली. तिथं एका पैंजणाला पासष्ट हजारांवर कड्या निघाल्या. जुन्या मशीनवर एक आकडा दोन खणांत बसायचा, नव्यावर चार खणांत. त्यामुळं नव्या मशीननं शेजारशेजारचे दोन आकडे एकच समजून वाचले होते. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अक्का, धाकटीला देतोय का हत्तीला?"

मग मी सरांनी शिकवलेलंच केलं. पुढच्या रविवारी परत हुपरीला गेले. घडी ज्यानं घातली त्यानंच ती उलगडायची, म्हणून जुन्याच मशीनवर, अर्ध्या पडद्यात डोळे घालून, माझ्या जुन्या प्रोग्रॅमला चार ओळी जास्तीच्या शिकवल्या. तुझ्याजवळ आहे ते साध्या मजकुरात लिहून दे. पैंजण सुरू. कडी दोन. मणी एक. कोयरी एक. आणि शेवटी, पैंजण संपलं. आप्पा खाटेवरून पाहत होते. बटण दाबल्यावर फ्लॉपीचा खरखर आवाज आला तेव्हा मी विचारलं, चाललंय का बरोबर? ते म्हणाले, व्हय. त्याचा अर्थ काहीही असू शकत होता.

ऑफिसात मी तो मजकूर नव्या प्रोग्रॅमला वाचायला दिला. मग नव्या प्रोग्रॅमकडून तोच परत मजकुरात लिहून घेतला आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ताडून पाहिले. आमच्या कामात हीच परीक्षा. जाताना आणि येताना एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही, म्हणजे काही सांडलं नाही. एकही फरक निघाला नाही. मी कागदावर छापून घेतलं, खाली सही केली, कशाला ते मलाच ठाऊक, आणि एस.टी.त बसले. कागद पर्समध्ये न ठेवता हातातच धरला होता. कंडक्टरनं विचारलं, "निकाल लागला काय, ताई?" मी म्हटलं, लागला.

भावानं कागद खिडकीला चिकटवला आणि आप्पांच्या जागेवर बसला. त्याला कोयरी जमेना. वळवलेला शेंडा तापवताना वितळायचा. तो प्रत्येक तुकडा आप्पांपुढं धरायचा आणि आप्पा व्हय म्हणायचे. पण आव्वा शिकली होती तसा आता तोही शिकला. आखूड व्हय म्हणजे परत कर. लांबलेला व्हय म्हणजे ठेव. मी कोल्हापुरातून फोन केला की आव्वा सांगायची, आज दोन लांब आले. पुढं पुढं सगळेच लांब येऊ लागले आणि तिनं मोजायचं सोडलं.

जोड तयार झालं त्या रविवारी आम्ही सगळे घरात होतो. धाकटीला आप्पांच्या खाटेसमोर पाटावर बसवलं. भावानं तिच्या डाव्या पायात घातलं, मग उजव्या पायात. खरं सांगते, मी डोळ्यांना पदर लावला, आणि मी तशी रडणारी बाई नाही. आव्वा म्हणाली, बघा हो, तुमचंच हाय हे.

आप्पा डाव्या कोपरावर रेलून पाहत होते. आधी डावा पाय पाहिला. मग उजवा. मग परत डावा.

"न्हाई," ते म्हणाले.

कितीतरी महिने त्या घरात तो शब्द आप्पांच्या आवाजात ऐकू आला नव्हता.

आव्वानं हळूच विचारलं, काय न्हाई?

"न्हाई," आप्पा परत म्हणाले, आणि डाव्या हाताचं बोट पुढं करून धाकटीच्या उजव्या पायाकडं दाखवलं. मग ते बोट हवेत तिच्या टाचेकडून बोटांकडं नेलं. सावकाश, दोनदा.

भावाच्या आधी ध्यानात आलं. तो मटकन खाली बसला आणि हसायलाच लागला. डाव्या पायातल्या कोयऱ्या पुढं चालल्या होत्या. उजव्या पायातल्या उलट, टाचेकडं निघाल्या होत्या. दोन्ही पैंजणं डाव्या पायाचीच झाली होती. एक उलटं करून घालावं तर घुंगरं आभाळाकडं.

आमच्यात पैंजण एक कधी नसतंच. जोड असतं. नक्षी सांगताना डाव्या पायाचीच सांगायची. उजव्याची, डावं समोर ठेवून, उलट्या दिशेनं हातच करतो, ती कुणी सांगत नाही, कारण ती सांगायची गोष्टच नाही. आप्पांनी सांगितली नव्हती, मी लिहिली नव्हती, आणि साध्या कडीमण्यांच्या नक्षांत दोन्ही पाय सारखेच असल्यानं कधी अडलंही नव्हतं. माझ्या परीक्षेत काही सांडलं नव्हतं हे खरंच होतं. जे भरलंच नव्हतं ते सांडणार कुठून? आणि भाऊ, जो एरवी न सांगता उजवं उजव्यासारखं करतो, त्यानं या वेळी कागदाला देव मानलं. सही होती ना खाली.

"अक्का," तो म्हणाला, "तुज्या कॉम्प्युटरला एकच पाय हाय काय गं?"

मग आप्पा हसले. झटक्यानंतर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं असायचं, हसू अर्धंच उमटलं, पण आवाज पुरा होता. धाकटी पाटावरून उठली आणि तशीच, एक पाय पुढं एक पाय मागं निघालेली, खोलीभर चालून दाखवायला लागली. आव्वा म्हणाली, असंच पाठवूया, एक पाय माहेराला ओढंल. बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. ती चहा टाकायला आत गेली.

उजवं पैंजण भावानं त्याच आठवड्यात सोडवून परत जोडलं. या वेळी आप्पा खाटेवर नव्हते, त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यांच्याकडं आता दोन शब्द होते. ते दोन्ही भरपूर वापरत. भाऊ फोनवर तक्रार करायचा की म्हातारा ऐकत नाही, दर कोयरीला न्हाई म्हणतो. तक्रार करताना त्याचा आवाज इतका खुशीत असायचा की मी मुद्दाम परत परत विचारायची.

मी माझ्या मजकुरात एक खूण वाढवली. पैंजण सुरू झालं की पहिली ओळ आता पायाची असते, डावा की उजवा. ऑफिसात सरांना सांगितलं तर ते म्हणाले, अशी ओळ प्रत्येक कामात कुठंतरी राहिलेली असतेच, सापडते एखाद्यालाच.

धाकटी गेली त्या दिवशी मांडवात बँड होता, माणसं होती, पैंजणं काही ऐकू आली नाहीत. पण निघताना ती आप्पांच्या पाया पडायला वाकली तेव्हा आप्पांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवायच्या आधी खाली नेला आणि उजव्या पायातली एक कोयरी बोटानं चाचपली. शेंडा कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं. मग हात डोक्यावर ठेवला. व्हय म्हणाले. लांब.

त्यानंतर रविवारी हुपरीला गेले की मी बाकीच्या नक्षांचा कागद घेऊन त्यांच्याजवळ बसायची. एकेकाळी ते सांगायचे आणि मी लिहायची. आता मी वाचायची. कडी दोन. मणी एक. ते डोळे मिटून ऐकायचे, डाव्या हाताची बोटं मांडीवर काहीतरी वळत असायची. व्हय, व्हय. मग मधेच न्हाई. मी थांबायची, एकेक तुकडा परत म्हणायची, चूक नेमकी कुठं आहे ते सापडेपर्यंत. कधी सापडायची, आणि मी ती मजकुरात दुरुस्त करायची. कधी काहीच सापडायचं नाही. सगळं बरोबर असायचं आणि मी पहिल्यापासून ती नक्षी त्यांना परत वाचून दाखवायची.

अशा वेळी ते एक डोळा किलकिला करून माझ्याकडं बघायचे. भाऊ म्हणतो, तुला पुन्हा वाचायला लावायला न्हाई म्हणतात ते. असेलही. मी कधी विचारलं नाही. पुन्हा वाचलं.